कणगीचं पहिलं पान

(पेणमधला गणपतीचा एक कारखाना. आषाढ, १९९९. रंगाच्या डब्यांशेजारी टेबलावर नवा कॉम्प्युटर. आतल्या खोलीचं दार उघडं.)

गोदूबाई : ...आनि त्यो देव गरागरा फिरत व्हता, त्यो काढलास काय?

साईराज : काढला काकू. जुन्या पानावरचं सगळंच काढून टाकलं. फिरणारा गणपती, पळणारी अक्षरं, लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा. हे बघा, नवं पान कागदावर छापूनच आणलंय रोह्याहून. इंटरनेटवर कुणीही माझ्या 'कणगी' प्रोग्रॅमची जागा उघडली की पहिल्यांदा हे दिसणार.

गोदूबाई : बरं केलंस. मना चक्कर यायची त्यो बघून. देवाला कोन असं भोवऱ्यासारखं फिरवतं? फिरायचं तं आपन फिरावं त्याच्याभवती.

साईराज : अनिताताई, तुम्ही बघा ना जरा. मधोमध जगनकाकांचे हात, मूर्तीचे डोळे आखताना. मीच काढलेला फोटो, गेल्या श्रावणातला. आणि खाली मोठ्या अक्षरांत फक्त तीन ओळी.

अनिता : वाच.

साईराज : 'तुमच्या धंद्याची माहिती तुमच्याच घरात. दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. आमच्याही नाही.'

गोदूबाई : झ्याक लिवलंस. आमचे बुवा बी कीर्तनात असंच करतात. पूर्वरंगाला एकच अभंग घ्यायचा, आनि घंटाभर त्याच्याभवतीच घोलायचं. पन बाला, बुवा कुठं तरी थांबतात, बुक्का लावून घेतात, आनि मंग आख्यान लावतात. तुजं पूर्वरंग झालं आता. आख्यान लाव.

साईराज : म्हणजे?

अनिता : आई म्हणतेय, फ्लॉपी लाव. पान राहू दे बाजूला.

साईराज : लावतो ना. अहो, एवढं मशीन यष्टीत मांडीवर धरून आणलंय, नुसतं ठेवून जाईन काय? फक्त एक काम आधी. पानाच्या तळाला तुमचं एक वाक्य हवंय. पुढच्या आठवड्यात पनवेलला प्रदर्शन आहे, तिथं हेच पान मोठ्या पडद्यावर दाखवणार. धाटावची कंपनी सोडून याच्यामागे लागलोय तीन वर्षं, आता कुठं लोक विचारायला लागलेत. मी वाक्य लिहूनच आणलंय : 'बाबांची सगळी विद्या आमच्या कणगीत सुखरूप आहे.' खाली तुमचं नाव, पेण.

अनिता : आधी फ्लॉपी, साईराज.

गोदूबाई : दे गो वाक्य त्याला. खोटं काय हाय त्यात? बाला, तुला सांगते. दिवालीत ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं, तवापास्नं तोंडात एकच शब्द उरलाय. 'व्हय.' भूक लागली काय? व्हय. नाय लागली? व्हय. डाव्या सोंडेचा कोन, उजव्या सोंडेचा कोन, सगला व्हय. पन ही पोर दिवेलागनीला तुजी कणगी उघडायची, ह्यांनी सांगून ठेवल्याली येकेका घरच्या देवाची गोष्ट वाचायची, आनि मना वाटायचं, ह्येच बोलतात. ती पेटी माघात मेली. तवापास्नं घर मुकं झालंय.

साईराज : आज वाचतील काकू. नवी पेटी आली ना.

गोदूबाई : आज ऐकीन म्हनून तं देवलात जायची नाय मी. बसा. ह्यांना पेज भरवते आनि येते.

अनिता : गेली ती. आता ऐक. सकाळपासून पाट यायला लागलेत.

साईराज : पाट?

अनिता : तुमच्याकडे नाही का ही पद्धत? ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या आमचा गणपती जातो, ती माणसं आषाढात आपला पाट आणून ठेवतात. त्याच पाटावर त्यांची मूर्ती घडायची. पाट ठेवतात, हात जोडतात आणि म्हणतात, 'जगनदादांना सांग, नेहमीचा.' संपलं. कुणी सांगत नाही सोंड कुठं, सोवळं पिवळं की लाल, मोरावर की सिंहासनावर. ते बाबांना ठाऊक. बाबांनी आजोबांकडून ऐकलेलं. कागदावर कधी नव्हतंच.

साईराज : म्हणून तर तुम्ही ते कणगीत घातलंत.

अनिता : दोन पावसाळे. ते रंगवत बसायचे आणि बोलायचे, मी टाइप करायचे. साधं सांगतील तर शपथ. 'दांडेकरांचा गणपती' म्हटलं की त्यांची आजी यायची, आजीचा नवस यायचा, नवसाच्या आधीची साथ यायची, आणि सगळ्यात शेवटी सोंड. मी चिडायचे. आता त्या शेवटच्या ओळीवर आमचं पोट आहे. लाव फ्लॉपी.

साईराज : लावली. तुम्ही दर आठवड्याला प्रत काढत होतात ना?

अनिता : तू सांगितलंस तशीच. प्रत्येक आळीची वेगळी, रंगाच्या डब्यांपासून लांब, प्लॅस्टिकच्या पिशवीत. शाडूचा कणसुद्धा लागू दिला नाही.

साईराज : मशीन वाचतंय. वाचली... थांबा हं.

अनिता : काय झालं? हे काय लिहून आलंय? 'ही कणगी या घरची नाही.'

साईराज : दुसरी द्या.

अनिता : घे. ... तेच. साईराज, तेच आलं. ही घे तिसरी.

साईराज : नको. तिसरीलाही तेच येणार.

अनिता : खराब झाल्यात?

साईराज : फ्लॉप्या चांगल्या आहेत. अगदी चांगल्या आहेत. ते कुलूप आहे, अनिताताई. आठवतं, तुम्हीच म्हणाला होतात? तुमचा कारागीर रघू कारखाना सोडून गेला, तुमची गिऱ्हाइकं फोडून त्यानं समोरच्या आळीत स्वतःचा मांडव घातला, तेव्हा?

अनिता : म्हणाले होते. फ्लॉपी खिशात घालून कुणी नेली तरी दुसऱ्या मशीनवर उघडता कामा नये, असं.

साईराज : मग मी तसंच केलं. प्रत्येक मशीनच्या पोटात डिस्क असते, तिला बनवणाऱ्या कंपनीनंच नंबर दिलेला असतो. तुमचं कुलूप त्या नंबरावर बसवलंय. ही नवी पेटी, नवी डिस्क. कणगीला वाटतंय, चोर आलाय.

अनिता : तुझंच कुलूप ना? मग काढ.

साईराज : मला येत नाही.

अनिता : म्हणजे काय, येत नाही?

साईराज : मलाही उघडता येऊ नये असंच बांधलं होतं. तीच तर जाहिरात. 'आमच्याही नाही.'

अनिता : अरे देवा.

साईराज : घाबरू नका, ऐका. डिस्क मेली असली तरी नंबर मेलेला नाही. तो डिस्कच्या पाठीवर, चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. तुमची जुनी पेटी काढा, मी चार स्क्रू काढतो, नंबर वाचतो, इथं घालतो, झालं. पाच मिनिटांचं काम. चालणारी डिस्क नकोच आहे मला. नुसता तो कागद.

अनिता : खरंच? मेलेली चालेल?

साईराज : गंजलेली असली तरी चालेल.

अनिता : मग हसतोस काय असा, आधी सांगायचंस ना. जीव गेला माझा. थांब, माळ्यावर असेल... नाही, माळ्यावर तर साचे ठेवलेत. कोपऱ्यातली पेटी मी माघातच हललेली बघितली होती. आईनं भंगारवाल्याला दिली असेल. दिली असेल तरी तो केरू भंगारवाला गावातलाच आहे, त्याच्याकडे असेल पडून. आई! आई गो, जुना कॉम्प्युटर कुठे ठेवलास?

गोदूबाई : का, काय झालं? आले, आले. पेज सांडली ना तुज्या हाकेनं.

अनिता : ती जुनी पेटी. केरूला दिलीस ना?

गोदूबाई : भंगारात? मी? त्या पेटीवर खंडेनवमीला हलद-कुंकू वाह्यलं म्या, कोरणी-कुंचल्यांच्या वलीत मांडली ती. घराघरातल्या देवाच्या गोष्टी तिच्या पोटात. ती मेली म्हनून केरूच्या हातोड्याखाली घालायची व्हय? आपल्या कारखान्यात भंगलेली मूर्ती कधी उकिरड्यावर गेलीय?

अनिता : मग कुठे आहे?

गोदूबाई : सोडली.

साईराज : सोडली म्हणजे?

गोदूबाई : खाडीत, बाला. माघी गणपतीच्या विसर्जनाला. दोन मूर्ती भंगल्या व्हत्या, त्यांच्यासंगती तिला बी नेली जनूच्या होडीतनं. अशी तशी नाय हां, कापूर लावला, आरती म्हटली, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. जनू हसत व्हता मेला. म्हटलं, हसू नको, ह्यात तुज्या घरचा गणपती बी हाय.

साईराज : कुठे, काकू? काठाला? ओहोटीला दिसेल अशी?

गोदूबाई : काठाला कशी सोडीन? कुनाच्या पायाखाली आली तं पाप. भर भरतीला, मधल्या धारेत. माज्या बापाची मिठागरं हाईत तिकडं, मना ठाव हाय कुठं खोल हाय त्ये... का रं? दोघं असं का बसलात?

अनिता : काही नाही आई. बाबांची पेज झाली का?

गोदूबाई : अनिता, माज्याकडं बघ.

अनिता : काही नाही म्हटलं ना.

गोदूबाई : साईराज, तू सांग. तुज्या आईसारखी हाय मी.

साईराज : काकू... चूक माझी आहे. मी फार घट्ट कुलूप लावलं. त्याची किल्ली दुसरीकडे कुठे ठेवायची ते मला सुचलं नाही.

गोदूबाई : आनि किल्ली त्या पेटीत व्हती.

साईराज : पेटीत नाही, पेटीवर. एक नंबर होता. तो मीच लिहून घ्यायला हवा होता, पहिल्या दिवशी. माझंच काम होतं ते.

गोदूबाई : तू लिवला नाय, त्ये खरं. पन पान्यात कोनी टाकली?

अनिता : तुला काय माहीत होतं? मी त्या दिवशी बाबांची औषधं आणायला पनवेलला गेले. आले तर कोपरा मोकळा. मी विचारलंसुद्धा नाही. वाटलं, बरं झालं, साचे ठेवायला जागा झाली. विचारायला तोंड होतं की मला.

गोदूबाई : सगली फ्लॉपी गेली काय? येक पन घर उघडत नाय?

साईराज : सगळं आहे काकू. अक्षर न् अक्षर आहे. फक्त...

गोदूबाई : हाय पन उघडत नाय.

साईराज : मी रोह्याला नेऊन प्रयत्न करीन. मशीनला एकेक नंबर लावून बघायला सांगीन. पण खोटं कशाला सांगू, त्यात अक्षरंही असतात, आकडेही. एवढे प्रकार होतात की वर्षं जातील. नशीब असेल तर...

गोदूबाई : मिठागरात आमी पानी घेतो आत. पानी आटतं, मीठ परत मिलतं. जे विरघललं त्ये सगलं परत मिलतं. ह्यातलं कायच नाय मिलायचं?

अनिता : आई, बस इथं. पाणी पी.

गोदूबाई : म्या ऐकलंय की तुज्याकडनं. रोज ऐकायची. बुवांचं आख्यान येकदा ऐकलं का मना पाठ व्हतं, तसंच ह्ये. विचार. तू टाइप कर, मी सांगते. दांडेकरांचं विचार.

अनिता : सांग. दांडेकर.

गोदूबाई : दांडेकरांची आजी. गावात साथ आली, तिचा धाकटा अंथरुनाला खिललेला. तिनं देवाला म्हटलं, ह्याला उठव, तुला माज्या लग्नातल्या शालूचं सोवलं नेसवीन. पोरगा उठला. पन शालू घरच्यांनी आधीच इकला व्हता, अनाजासाठी. म्हातारी रडत आली ह्यांच्या बापाकडं. तवा ह्यांचा बाप म्हनला, आजी, शालूचा रंग सांग, देव तुज्या रंगात नेसवतो.

अनिता : हो. हेच होतं. अगदी हेच शब्द. रंग कुठला, आई?

गोदूबाई : रंग...

अनिता : आजीनं काय सांगितला?

गोदूबाई : मना रडू आलं व्हतं गो तिथं. तू वाचत व्हतीस आनि मी पदर लावला व्हता डोल्याला. रंग... त्यो काय लक्षात नाय राह्यला.

अनिता : असू दे. गिरजाबाई पाटलीण?

गोदूबाई : तिच्या दारात मूर्ती पडली, आनि तिनं तीच परत डोक्यावर घेतली. लोक नको म्हनले. ती म्हनली, माजा लेक पडला तं टाकीन काय? तवापास्नं त्यांचा गणपती... त्यांचा गणपती कायतरी येगला असतो. हात येगला. का पाय.

अनिता : राहू दे आई.

गोदूबाई : गोष्टी सगल्या हाईत माज्यापाशी. देव नाय आठवत येक पन.

साईराज : अनिताताई, घरोघरी फोटो असतील ना? माणसं विचारली तर सांगतील.

अनिता : काहींकडे असतील. काही घरांत देवाचा फोटो काढत नाहीत. म्हातारी माणसं गेलीत, मुलं मुंबईला. आणि विचारायला गेले की पहिलं काय कळणार? जगनदादांच्या कारखान्याला 'नेहमीचा' म्हणजे काय ते ठाऊक नाही. संध्याकाळच्या आत ते पाट रघूच्या मांडवात. त्याला निदान आठवतं, तो बाबांच्या हाताखाली होता.

साईराज : मग रघूलाच विचारलं तर?

अनिता : ज्याच्या भीतीनं कुलूप लावलं, त्याच्याच दारात जाऊ किल्ली मागायला?

साईराज : मी येतो बरोबर.

अनिता : जाईन. जावंच लागेल. दारात उभं तरी करतो का, बघू. तू तुझ्या पानाचं बोल.

साईराज : पानाचं काय?

अनिता : ही ओळ. 'आमच्याही नाही.' पनवेलला मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेस ना?

साईराज : अहो, ओळ खोटी नाही. माहिती तुमच्याच घरात आहे. कुणाच्याही हाती लागली नाही.

अनिता : आमच्यासुद्धा. तेही लिही ना मग. आणखी कुणाकुणाच्या मशीनवर हे कुलूप आहे?

साईराज : रोह्याशेजारच्या अष्टमी गावातला औषधवाला. धाटावचे दोघं वर्कशॉपवाले. नागोठण्याची एक राइसमिल. पण अनिताताई, हे पानावर लिहिलं तर कणगी घेईल कोण? लोक म्हणतील, ह्यांनी स्वतःच्याच गिऱ्हाइकाला घराबाहेर ठेवलं.

अनिता : ठेवलंस ना?

साईराज : कुलूप मागितलं तुम्हीच होतं.

अनिता : मीच मागितलं. मी नाही म्हणतेय का? पण औषधवाल्याकडे डिस्क मरेल तेव्हा त्याची आई ती खाडीत सोडणार नाही, म्हणून तो वाचेल, एवढंच. तिथंही कुणा केरूचा हातोडा आहेच की.

गोदूबाई : भांडू नका. ह्ये आत ऐकतात. बोलता येत नाय, ऐकू सगलं येतं त्यांना.

साईराज : उद्या सकाळी अष्टमीपासून सुरुवात करतो. सगळ्यांच्या पेट्या उघडून नंबर लिहून देतो हातात. एक त्यांच्याकडे, एक शेजारच्या घरात. पान... पानाचं मला आत्ता काही सुचत नाही.

अनिता : बाबांचे हात राहू देत. खालचं सगळं पूस. माझं वाक्य पण.

साईराज : आणि खाली काय घालू?

अनिता : कोरं ठेव.

साईराज : पहिलं पान कोरं?

अनिता : सुचेल तेव्हा लिही. आई, कुठे चाललीस? मी देते ना त्यांना पेज.

गोदूबाई : पेज नाय. सांगायला चाललेय.

अनिता : काय सांगणार आहेस? नको. आई, त्यांना कळून काय उपयोग? उगाच जिवाला लागेल.

गोदूबाई : त्यांचं बोलनं व्हतं गो त्ये. माज्या हातनं गेलं. नवऱ्याला सांगू नको तं कुनाला सांगू? ... अहो. जागे हाव काय?

जगन : व्हय.

गोदूबाई : पेटी मेली व्हती ना, तुमी सांगून ठेवल्याली घरं व्हती त्या पेटीत. ती म्या माघात खाडीला सोडली. आरती म्हनून सोडली. म्हटलं, त्याचा मान राहावा. आता ती पोरं म्हनतात, त्यावाचून कायच उघडत नाय. दांडेकरांच्या म्हातारीचा रंग गेला. गिरजाबाईचा देव गेला. तुमच्या बापानं तुमच्यापाशी ठेवल्यालं सगलं म्या धारेत सोडलं. कललं काय तुमाला?

जगन : व्हय.

गोदूबाई : रागावलाव माज्यावर?

जगन : व्हय.

गोदूबाई : मंग माजा हात का धरून ठेवलाव?

जगन : व्हय.